सिकलसेल : एका अक्षराचा फरकही समजावून सांगा

संपादक महोदय,

सिकलसेलविषयीच्या बातम्या असोत वा शिबिरांतील फलक, ‘रक्त कमी होण्याचा आनुवंशिक आजार’ एवढ्यावरच बहुधा वर्णन आटोपते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्यामुळेच लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होईल, हा समज विदर्भातल्या सुशिक्षित घरांतही आढळतो.

हिमोग्लोबिन हे प्रथिन अस्थिमज्जेतील पेशी डीएनएमधील सूचनेबरहुकूम तयार करतात. सूचनेची मूळ प्रत केंद्रकातच राहते. तिची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर येते आणि रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना, ती तीन-तीन अक्षरांनी (‘ए’, ‘यू’, ‘जी’, ‘सी’ या रासायनिक घटकांनी) वाचत, प्रत्येक त्रिकासाठी ठरलेले अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एकेक मणी, साखळीत जोडत जातो. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्या सहाव्या स्थानासाठी ‘जीएजी’ हे त्रिक असते आणि तेथे ग्लुटामिक आम्ल बसते. सिकलसेलमध्ये मधल्या ‘ए’च्या जागी ‘यू’ येतो आणि रायबोसोम निमूटपणे व्हॅलिन बसवतो. यात त्याचा दोष नाही. लिहिले आहे तेच तो वाचतो. जीवरसायनशास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रम यांनी अमिनो आम्लातील हा फरक १९५७ मध्ये दाखवला, तेव्हा त्रिकांची लिपी उलगडलेलीही नव्हती. पुढे ती लिपी उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल विभागून मिळाले.

व्हॅलिनला पाण्याचे वावडे असते. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. लोहाने सूचनेतले अक्षर बदलत नाही; लोहाची कमतरता तपासणीत आढळली, तरच त्या गोळ्यांचा उपयोग. या आजारावर दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषधदेखील अक्षर दुरुस्त करत नाही, तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे, एरवी जवळजवळ बंद पडलेले उत्पादन वाढवते.

आई आणि वडिलांकडून मिळालेल्या दोन सूचनांपैकी वाहकाकडे एक मूळची आणि एक बदललेली असते, म्हणून त्याच्या पेशींत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन बनते आणि तो सहसा निरोगी राहतो. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल असे आहे. तेव्हा १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनी आपण नेहमीच्या आवाहनासोबत या प्रक्रियेची एक सुबक आकृती छापावी आणि अहवालातील ‘एएस’ म्हणजे वाहक व ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हेही तिच्याखाली स्पष्ट लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, चंद्रपूर