कॉबलरच्या पाककृतीतला सोडा आणि आमची जांभळं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत आपण ‘घरच्या घरी बेरी कॉबलर’ ही पाककृती छापलीत. कॉबलर म्हणजे गोड फळांवर पिठाचे गोळे टाकून भाजायचा अमेरिकन पदार्थ. फोटो झकास होता. त्याखाली जे छापलंय, त्याबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. मी शहाद्याला राहते. वाढदिवसाचे केक, नानकटाई, खारी अशा ऑर्डरी घरूनच घेते, म्हणून मैदा, लोणी आणि ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) यांच्याशी माझी रोजची गाठ. शनिवारी दुपारपासूनच गल्लीतल्या बायकांचे फोन सुरू झाले. ‘ताई, ही ब्लूबेरी कुठे मिळेल?’ एकीने तर वाट न बघता घरात होती ती जांभळं घालून करूनही टाकलं. बाकी सगळं छापल्याबरहुकूम.

तिचं काय झालं ते आधी सांगते, कारण दुरुस्ती तातडीची आहे.

पाककृतीत दोन कप मैद्याला ‘एक टेबलस्पून खाण्याचा सोडा’ छापलाय. तिथे बेकिंग पावडर हवी. दोन्ही पांढऱ्या पुडी आहेत, दोन्ही पीठ फुगवतात, म्हणून कुणाला वाटेल काय फरक पडतो. फरक पडतो. सोड्याला काम करायला आंबट लागतं, ताक, दही, लिंबू असं काहीतरी. बेकिंग पावडरीत ते आंबट कोरड्या रूपात आधीच मिसळलेलं असतं. अर्धा कप ताकाला पाव चहाचा चमचा सोडा पुरतो. टेबलस्पून म्हणजे तीन चहाचे चमचे, म्हणजे बारापट. आणि तुमच्या पाककृतीत ताक नाहीच, साधं दूध आहे. उरलेला सोडा जाणार कुठे? पिठातच राहतो, साबण चाटल्यासारखी चव येते.

शेजारणीच्या भांड्यात आणखी एक गंमत झाली. जांभळाचा रस जिथे जिथे पिठाला लागला, तिथे पीठ निळसर-हिरवट झालं. तिला वाटलं फळ नासकं होतं, बाजारातल्या मावशीने फसवलं. मावशी बिचारी निर्दोष. जांभळाला रंग देणारं द्रव्य अँथोसायनिन, ब्लूबेरीतही तेच असतं. आंबटात ते लाल राहतं, क्षार वाढला की निळं-हिरवं होतं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या ज्या बाईने महागाची ब्लूबेरी आणून तुमच्याप्रमाणे केलं असेल, तिचाही कॉबलर असाच हिरवा निघाला असणार. निदान आमच्या शेजारणीचं नुकसान जांभळाच्या भावातलं होतं.

आता त्या ब्लूबेरीकडे येते. ‘ब्लूबेरी आणि ब्लॅकबेरी मॉलमध्ये सहज मिळतात,’ असं लिहिलंय. साहेब, आपल्या पेपरावर ‘खान्देश आवृत्ती’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या मॉलमध्ये? शहाद्याला मॉल नाही. सुरतेहून कुणी आणून दिली तरी सव्वाशे ग्रॅमची डबी, तीही परदेशातून आलेली, आणि एका कॉबलरला अशा पाच-सहा डब्या लागतात. ज्या आठवड्यात तुम्ही हे छापलं, त्याच आठवड्यात आमच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेल्या बाया जांभळाच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. मृगाचा पाऊस झाला की हे फळ थांबत नाही. सकाळी टणक दिसतं, दुपारी फुटायला लागतं, दिवस मावळताना ज्या भावाला मागाल त्या भावाला देतात. फुटकं जांभूळ हातात धरून खायला नको वाटतं, पण कॉबलरला तेच चांगलं.

हिवाळ्याचंही तेच. अक्कलकुवा तालुक्यात डाब, वालंबा या डोंगरातल्या गावांत आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतात. दरवर्षी आपल्याच पेपरात त्याची बातमी येते, फोटोसकट. मग ती स्ट्रॉबेरी बातमीच्या पानावरून पाककृतीच्या पानावर का येत नाही? तिथे आल्यावर ती ‘महाबळेश्वरची’च का होते?

फळाला फळ लावून चालत नाही, हेही खरं. मी सगळी करून पाहिलीत. जळगावच्या मेहरूणच्या बोरांचं नाव मी अभिमानाने घेते, पण ती कॉबलरात घालू नका. बोरात गर असतो, रस नसतो, आणि कॉबलर हा रसाचा पदार्थ आहे. करवंदं चालतात, पण पुरती काळी झालेलीच घ्या. कच्च्याचा चीक भांड्याला, बोटांना, सुरीला चिकटतो तो निघता निघत नाही. स्ट्रॉबेरी उत्तम, फक्त पाणी फार सोडते. तिला साखर लावून अर्धा तास ठेवावी आणि कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवावं. भाजल्यावर तिचा लाल रंग थोडा उतरतो. त्याला इलाज नाही, लिंबू पिळलं तर जरा टिकतो.

जांभूळ मात्र हाताळायला शिकावं लागतं. बी मोठी, किलोभर फळातून पाऊण किलोही गर निघत नाही. मिक्सरमध्ये फिरवू नये, बी फुटली की सगळं कडू. स्टीलच्या पातेल्यात दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर झाकण ठेवावं. साल फाटली की उतरवावं, गार झालं की हाताने कुस्करून बिया काढाव्यात. लोखंडी कढई घेऊ नये. तुरट रसाला लोखंड लागलं की ते काळंकुट्ट होतं, पूर्वी शाई याच तत्त्वावर करत. आणि नुसत्या जांभळाचा कॉबलर मला स्वतःला आवडत नाही, तुरटपणा जिभेवर राहतो. मी तीन भागांत एक भाग आंब्याच्या फोडी घालते. जूनमध्ये शेवटचे आंबे असतातच, थोडे आंबट निघाले तर अधिक बरं. वर चिमूटभर मीठ. जांभळावर मीठ टाकून कोण खात नाही?

तुमच्या पाककृतीत शेवटी एक ओळ आहे, ‘ओव्हन नसल्यास हा पदार्थ करू नये.’ या ओळीने मला सगळ्यात जास्त राग आला. कॉबलर जन्मला तोच ओव्हन नसलेल्या लोकांच्या हातून. अमेरिकेत जी गोरी माणसं वस्ती करायला पश्चिमेकडे गेली, त्यांच्याजवळ बिडाचं जड भांडं असायचं, कडा उचललेल्या झाकणाचं. खाली निखारे, झाकणावर निखारे. 1859 साली तिथे छापलेल्या एका शब्दकोशात कॉबलरचं वर्णन आहे, तेही भांड्याला जाड पीठ लावून त्यात फळ घालून भाजायचा पदार्थ असंच. पीच, सफरचंद, रानातल्या बेऱ्या, जे हाताला लागेल ते. नीट ‘पाय’ची (pie) पोळी लाटायला ना वेळ ना जागा, म्हणून पिठाचे गोळे वरून टाकायचे.

खान्देशातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजणारी माणसं. पहिल्यांदा मी कॉबलर ताटात वाढला तेव्हा सासूबाईंनी वरचा गोळा बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, “हाई काय शे वं? गोड बट्टी शे का?” मी हो म्हटलं. खरं तर त्यांच्यामुळेच मी मैद्यात थोडं मक्याचं पीठ घालायला लागले, बट्टीत घालतो तसं. गोळा वरून कुरकुरीत होतो आणि रसात भिजूनही लगदा होत नाही. पुढे वाचनात आलं की अमेरिकेतही काहीजण मक्याचं पीठ घालतात.

तर ओव्हन नसेल तर काय? जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर कडं, कड्यावर भांडं आणि घट्ट झाकण. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रबर काढायचं, पाणी घालायचं नाही. यात अडचण एकच, वरून आच मिळत नाही, म्हणून गोळे शिजतात पण पांढरे राहतात. चव ठीक लागते, दिसायला फिकट. चूल पेटती असेल तर झाकणावर निखारे ठेवावेत, रंग येतो. नाहीतर सरळ बेकरी गाठावी. आमच्याकडे दिवाळीआधी बायका मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातातच आणि नानकटाईचे पत्रे भाजून आणतात. कॉबलरचं भांडं नेलं तर भट्टीवाला आधी हसतो, मग पाव निघून भट्टी उतरली की ठेवून देतो. पाव भाजण्याच्या भर आचेत मात्र ठेवू देऊ नये, वरून करपतो आणि आत पीठ कच्चं.

माझं प्रमाण देते, छापायचं तर छापा. आठ इंची खोलगट काचेचं किंवा स्टीलचं भांडं. बिया काढलेलं फळ 700 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम (जांभळाला 120), दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक टेबलस्पून लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. हे सगळं भांड्यातच कालवायचं. वरच्या गोळ्यांसाठी मैदा 150 ग्रॅम, मक्याचं पीठ 30 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, अगदी थोडं मीठ. त्यात फ्रीजमधलं घट्ट लोणी 60 ग्रॅम, तुकडे करून बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं झालं की थांबायचं. तळहात लावू नका, हाताच्या उबेने लोणी वितळतं. मग साधारण अर्धा कप गार दूध. ताक घेतलं तर पाव चमचा सोडा घालून बेकिंग पावडर थोडी कमी करायची. सोड्याची जागा एवढीच.

पीठ मळायचं नाही. पोळीची कणीक मळणाऱ्या हातांना हे फार जड जातं, मला माहीत आहे, पण मळलं की गोळा चिवट झालाच. ओबडधोबड दिसलं तरी चालेल. चमच्याने फळावर टाकायचं, मध्ये मध्ये जागा सोडून, म्हणजे वाफ निघते. 190 अंशांवर पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं. खाली एक पत्रा ठेवा, रस उतू जातो आणि ओटीजीच्या तळाशी जळलेली साखर घासणं म्हणजे शिक्षा.

झालं कधी समजायचं, हे तुमच्या पाककृतीत नाहीच. ‘सोनेरी रंग आल्यावर’ एवढंच आहे. रंग फसवतो. कडेचा रस आधी उकळतो, मधला उशिरा. मधोमध, दोन गोळ्यांच्या फटीत, जाड बुडबुडे येताना दिसले पाहिजेत. कॉर्नफ्लोअर उकळीला आल्याशिवाय आळत नाही. तोवर बाहेर काढलंत तर खाली पाणी आणि वर भिजका पाव. काढल्यावरही अर्धा तास हात लावू नका, गार होता होता रस आळतो. वर व्हॅनिला आइस्क्रीम हवंच असं नाही. आमच्याकडे म्हशीच्या दुधाची फ्रीजमधली साय घालतात, आणि मला विचाराल तर जांभळाला तीच शोभते.

दोन गोष्टी आपल्याकडून हव्यात. एक, सोड्याची दुरुस्ती येत्या शनिवारीच, चौकटीत आणि मोठ्या अक्षरात. पाककृतीची कात्रणं बायकांनी डब्यांच्या झाकणांवर चिकटवून ठेवली आहेत, आतल्या पानावरचं बारीक ‘शुद्धिपत्र’ कुणी वाचत नाही. दुसरी, ‘कप’ आणि ‘वाटी’ ऐवजी ग्रॅम लिहा. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते.

जांभळं आणखी पंधरा-वीस दिवस, फार तर महिनाअखेरपर्यंत. त्यामुळे पत्राला उत्तर नाही दिलंत तरी चालेल, दुरुस्ती मात्र लवकर छापा.

आपली नियमित वाचक,
एक गृहउद्योजिका, शहादा (जि. नंदुरबार)