५३ की ५७

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कुस्तीत ५७ किलोचा वजनगट सोडून ५३त उतरायचं म्हणतेस, तेही पाच आठवड्यांत. तू पाठवलेल्या आकड्यांवरून गणित मांडलंय. ते आधी वाच, मग ठरव.

सकाळचं वजन ५८.४ किलो, चरबी १८ टक्के. म्हणजे साडेदहा किलो चरबी. हाडं, स्नायू, पाणी मिळून उरले ४७.९. अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्तीत मुलींसाठी चरबीची किमान मर्यादा १२ टक्के आहे. ती धरून ४७.९ला ०.८८नं भागलं की ५४.४ येतात. त्याच्या खाली उतरवण्याजोगी चरबी तुझ्या अंगात नाही. ५३ गाठायला आणखी १.४ किलो लागतील, आणि ते पाणी आणि स्नायूच देणार.

आता विनेश फोगाटचा तो दिवस आठव. ६ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० किलोचा गट. आंतरराष्ट्रीय मॅटवर तोवर कधीच न हरलेली जपानची युई सुसाकी शेवटच्या काही सेकंदांपर्यंत २-० पुढे होती, आणि विनेशनं ती लढत ३-२ घेतली. त्याच दिवशी आणखी दोन लढती जिंकून ती अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन झालं, तेव्हा काट्यावर ५०.१ किलो, आणि ती बाद झाली. सगळे त्या शंभर ग्रॅमबद्दल बोलतात. मला मात्र आदल्या संध्याकाळचा आकडा महत्त्वाचा वाटतो: तिचं वजन तेव्हा २.७ किलो जास्त होतं. एका रात्रीत २.६ किलो उतरवले, केस कापले, कपडे आखूड केले, तरी काटा थांबला तो तिथेच.

हे का होतं ते नीट समजून घे. पहिल्या दिवशी सकाळी सुकलेलं अंग काट्यावर उभं राहतं. मग तीन लढती खेळायच्या तर पाणी आणि खाणं घ्यावंच लागतं. सुकलेलं अंग मिळेल ते पाणी आणि मीठ धरून ठेवतं. स्नायूंत साठणारी साखर आपल्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी सोबत घेते. म्हणून संध्याकाळी वजन उसळतं. रात्री पुन्हा घाम काढायला जावं, तर रक्तातलंच पाणी कमी झालेलं असतं आणि एका टप्प्यानंतर घाम येईनासा होतो. तिथे जिद्द चालत नाही. आणि ही ओढाताण विनेशला नवी नव्हती. ती ५३ किलोत दोनदा जागतिक कांस्य मिळवलेली मुलगी. एप्रिल २०१६मध्ये मंगोलियातल्या पात्रता स्पर्धेतही, तेव्हा ४८च्या गटात, ४०० ग्रॅमनी बाद झाली होती. तिच्या हिमतीबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना जीव तुटतो.

अमन सेहरावतचं उदाहरण तू देणार, माहीत आहे. पॅरिसमध्येच दहा तासांत ४.६ किलो उतरवून त्यानं ५७ किलोत कांस्य मिळवलं. खरं आहे, आणि त्याचं कौतुकच आहे. पण तो साध्य झालेला प्रसंग आहे, तो नियम धरू नकोस. १९९७मध्ये अमेरिकेत ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबरच्या दरम्यान तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना गेले. अंगात घाम अडवणारा सूट, गरम खोली, सायकल, आणि पाणी बंद. चुकून झालेलं काही नव्हतं, सगळे तसंच करत असत. त्यानंतर तिथे असे सूट आणि सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, बंद झाले आणि वजनगट ठरवण्याआधी लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे ना हे बघायला लागले.

तू ५७तच खेळावंस असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फक्त १.४ किलो कमी करायचे आहेत. पहिले चार आठवडे दर आठवड्याला २५० ग्रॅम, फक्त जेवणातून. त्यात प्रथिनं कमी करू नकोस, रात्रीचा तेलकट आणि गोड भाग कमी कर. मग तू ५७.४ला येशील. शेवटचे दोन दिवस चोथ्याचं अन्न आणि मीठ कमी केलं की पोट हलकं होऊन उरलेले चारशे ग्रॅम सहज जातात. पाणी एकही दिवस बंद करायचं नाही. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून किलोभर वजन वाढू शकतं, तेव्हा स्पर्धेची तारीख आणि तुझी तारीख शेजारी लिहून बघ. आणि या भानगडीत पाळी चुकायला लागली तर त्याच दिवशी मला सांगायचं. हाडं ठिसूळ होण्याची सुरुवात तिथून असते.

दुसऱ्या दिवशीच्या वजनाचा हिशोब पहिल्याच संध्याकाळी करायचा. झोपेत श्वासावाटे आणि कातडीवाटे काहीशे ग्रॅम जातातच. तुझे नेमके किती जातात ते आत्तापासून मोज: झोपण्याआधी एकदा, उठून बाथरूमला जाऊन आल्यावर एकदा. स्पर्धेच्या ठिकाणी आपल्या काट्यावर विसंबू नकोस, तिथल्या सरावाच्या काट्यावर चढून फरक बघ. वजन कुस्तीच्या पोशाखातच होतं, त्याची वेगळी सूट मिळत नाही. दुसऱ्या सकाळी वेळ फक्त १५ मिनिटं असते, पण तेवढ्यात काट्यावर कितीही वेळा चढता येतं.

आणि सरावात कुणाचा घाम अचानक थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर शिक्षकांची वाट बघू नकोस. कपडे सैल कर, बर्फाच्या पाण्यात बसव किंवा अंगावर गार पाणी ओतत राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायला पाठव.

सात दिवसांचे रात्रीचे आणि सकाळचे आकडे वहीत लिहून ठेव. रविवारी फोनवर मला वाचून दाखव, मग प्रवेशअर्जात गट भरू.

तुझी
आई