पहिली गोळी लिहिण्याआधी

सहकारनगर, पुणे

प्रिय मित्रा,

बीपीच्या प्रत्येक नव्या पेशंटला मी आधी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही बीपी चढवणारी हार्मोन्स मोजायला रक्त द्यायला का पाठवतो, असं तू विचारलं होतंस. फोनवर धड सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण सगळे काय करतो? दोन-तीनदा मोजून बीपी चढलेलंच दिसलं की अॅम्लोडिपिन नाहीतर टेल्मिसार्टन लिहून मोकळे होतो. महिन्याभराने उतरलं नाही तर जोडीला दुसरी गोळी. पण एकाच्या मूत्रपिंडातून रेनिन जास्त सुटत असतं, दुसऱ्याच्या अंगात मीठ-पाणी साठत असतं, आणि चिठ्ठी दोघांना एकच! रेनिन चढं असेल तर टेल्मिसार्टन, रामिप्रिलचा गुण चांगला येतो; दबलेलं असेल तर पाण्याच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळीचा किंवा अॅम्लोडिपिनचा. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन लॅरा १९७० च्या दशकापासून हे कानीकपाळी ओरडत होते.

मला जास्त काळजी आहे ती तिसऱ्या गटाची. रेनिन दबलेलं, पण अंगात मीठ-पाणी साठवणारं अल्डोस्टेरॉन मात्र चढं. अमेरिकेतले डॉक्टर कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हा आजार आपण 'दुर्मिळ' म्हणून परीक्षेपुरता पाठ केला. तो दुर्मिळ नाही रे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, २०२५ मध्ये बीपीच्या सर्वच रुग्णांत तो शोधावा असं सुचवलंय. या लोकांना अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन हवं. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींपैकी एकाच बाजूच्या ग्रंथीचा दोष असेल तर ऑपरेशनही करता येतं.

परवा एक रिक्षावाले आले. चाळिशीतले, बीपी १६४/१०२, या आजारात उतरतं असं आपण शिकलो ते पोटॅशियम अगदी नॉर्मल. सकाळी उठून दोन तास हिंडून-फिरून झाल्यावर त्यांना दहा मिनिटं खुर्चीत बसवलं आणि रक्त घेतलं. लॅबचा मुलगा सवयीने नळी बर्फाच्या डब्यात ठेवायला निघाला, त्याला थांबवलं. गारठ्यात रक्तातल्या निष्क्रिय प्रोरेनिनचं रेनिन होतं आणि आकडा खोटाच चढतो. रिपोर्ट आला तेव्हा रेनिन जवळपास नाहीच, अल्डोस्टेरॉन भरपूर. पोटॅशियम बघून थांबलो असतो तर हा माणूस वर्षानुवर्षं गोळ्या वाढवत बसला असता.

हे करायचं ते पहिल्या गोळीच्या आधीच. बीटा ब्लॉकरने रेनिन दबतं, टेल्मिसार्टनने आणि पाण्याच्या गोळीने चढतं. एकदा औषध सुरू झालं की आकडे गढूळ.

तरी मला पटलंय एवढ्याने भागणार नाही. चाचणीचा खर्च हजारांत जातो, अॅम्लोडिपिन तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ठरलेल्या क्रमाने औषध देण्याची सरकारी पद्धत खेड्यापाड्यांत फार मोलाची आहे, ती मोडावी असं मी मुळीच म्हणत नाही. म्हणूनच आपल्या साध्या दवाखान्यांत हे मोजून बघू या. नवे पेशंट, रक्त सगळ्यांचंच घ्यायचं, मग चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला नेहमीचा क्रम, दुसऱ्याला हार्मोनप्रमाणे गोळी. तीन महिन्यांनी बीपी किती आणि गोळ्या किती, ते बघायचं. मोजणाऱ्या नर्सला गट कळता कामा नये. कॉनचा आजार असलेलं कोणी निघालं तर चिठ्ठीत काहीही येवो, त्याला त्याचं योग्य औषध मिळालंच पाहिजे. ही अट मी सोडणार नाही.

एथिक्स कमिटीच्या अर्जाचा मसुदा सोबत जोडलाय. पेशंटच्या संमतीचा भाग तू वाच. तुझ्याकडच्या शेतकऱ्यांना तो कळेल का, हे तूच सांगू शकशील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना रूममेट