स्कॅनिंगला निधी आहे, राखीव डिस्कला नाही

महोदय,

जुनी मासिके, दिवाळी अंक स्कॅन करून जपण्याचे काम आता तालुक्याच्या ग्रंथालयांपर्यंत पोहोचले आहे, ही मोठीच गोष्ट आहे. पण निधी संपल्यावर त्या फायली ज्या डिस्कवर राहतात, त्यांचे पुढे काय? सातारा जिल्ह्यातील एका ग्रंथालयाचा सर्व्हर मी स्वयंसेवक म्हणून सांभाळतो, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे ४ टीबीच्या ६ डिस्क झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी, साठवलेल्या माहितीची पडताळणी करणारी प्रणाली) पद्धतीने जोडलेल्या आहेत. त्यांतल्या कोणत्याही २ बंद पडल्या तरी माहिती शाबूत राहते. गेल्या पावसाळ्यात महिन्याच्या तपासणीत, म्हणजे स्क्रबमध्ये, एका डिस्कवर चेकसमच्या चुका निघाल्या, म्हणजे साठवलेली माहिती तिच्यासोबत नोंदलेल्या पडताळणीच्या आकड्याशी जुळेना. वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडाही चढत होता. तरी प्रत्येक अंक नीट उघडत होता, कारण खराब भाग बाकीच्या डिस्कवरून भरून निघत होता. स्क्रब लावलेला नसता तर कोणालाच पत्ता लागला नसता.

नवी डिस्क घ्यायची तर अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूदच नव्हती. कोटेशने, समितीची बैठक, मंजुरी यांत आठवडे गेले. ‘पाच चालताहेत ना, मग घाई कशाला?’ असे समितीत विचारले गेले. प्रश्न साहजिक आहे. पण सहाही डिस्क एकाच खरेदीतल्या, एकाच वयाच्या. नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरताना बाकीच्या सगळ्या तासन्‌तास सलग वाचल्या जातात आणि एखादी कच्ची डिस्क नेमकी त्याच वेळी मान टाकू शकते.

बदलतानाही सावधपणा लागतो. केबल इकडची तिकडे झाली की संगणकाने दिलेली डिस्कची नावे बदलू शकतात; खरा भरवसा सिरीयल नंबरचा. आमच्या ग्रंथपाल ताईंनी प्रत्येक ट्रेवर तो आधीच चिकटवून ठेवला होता, त्यामुळे चांगली डिस्क ओढली जाण्याचा धोका टळला. खराब डिस्क जागेवरच ठेवून नवी रिकाम्या खणात बसवली, कारण जुनीवरून जेवढे वाचता येते तेवढेही भरताना उपयोगी पडते. रात्रभर काम चालले. सकाळी एकही चूक नाही असा अहवाल आला, तेव्हाच जुनी काढली.

एवढे असूनही ही व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर पुसले तर ते सहाही डिस्कवरून जाते. आग लागली, वीज पडली तर सगळेच संपते. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवीच.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता असलेल्या ग्रंथालयांना डिजिटायझेशनसाठी पैसे देताना राखीव डिस्क, यूपीएसची बॅटरी आणि बाहेरगावची प्रत यांसाठी दरवर्षीचे वेगळे शीर्ष ठेवावे, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे. आमच्या उरलेल्या पाच डिस्क त्याच जुन्या खरेदीतल्या आहेत, आणि कपाटात अजून एकही राखीव नाही.

— एक ग्रंथालय स्वयंसेवक, जि. सातारा