पुराला बरोबर घेऊन जा

प्रिय बेटा, जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू म्हणालीस की पप्पा सेमिनरीचा, पाळक व्हायच्या शिक्षणाचा, फॉर्म भरून ठेवलाय पण सबमिट करायला हातच होत नाहीये, आणि मी आपलं नेहमीसारखं घाई कशाला, प्रार्थना कर म्हणालो आणि फोन ठेवला. दोन रात्री नीट झोप नाही गं लागली, म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं असतं तर भीती उरलीच नसती. बँकेची पर्मनंट नोकरी सोडायची, या वयात परत हॉस्टेल, आणि मग पुलपिटवर उभं राहायचं तेही अशा मंडळीत जिथे काहींना अजून बाईने उपदेश केलेला रुचत नाही, भीती वाटणारच की. पण भीती वाटते म्हणजे पाचारण नाही हे तू कुठून काढलंस?

बायबलमधलं शास्ते ६ आणि ७ परत वाच. इस्राएलचा गिदोन मिद्यानी शत्रूंना घाबरून द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता आणि देवदूत त्यालाच वीर म्हणतो. देवाने बआल दैवताची वेदी मोडायला सांगितली तर घरच्यांच्या, गावकऱ्यांच्या भीतीने रात्री मोडली, पण मोडली. मी संडे स्कूलमधे इतकी वर्षं गिदोनाने तीनशे माणसं, मडकी आणि मशाली घेऊन लढाई जिंकली एवढंच शिकवत आलो आणि मधली गोष्ट माझ्याही नजरेतून सुटली. लढाईआधी, ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं म्हटल्यावर गिदोनाच्या ३२ हजारांतले २२ हजार निघून गेले. आणि त्याच अध्यायात पुढे, त्या रात्री, देव गिदोनाला म्हणतो शत्रूच्या छावणीकडे जायला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन जा. म्हणजे हा अजून भितोय हे देवाला माहीत होतं, तरी त्याला घरी नाही पाठवलं, त्याला सोबत दिली! आणि गिदोन खरंच पुराला घेऊन गेला, मला भीती नाही असा आव आणला नाही त्याने. अंधारात दोघं छावणीच्या कडेला गेले, शत्रूच्याच तोंडून सातूच्या भाकरीचं स्वप्न आणि गिदोनच जिंकणार हा त्याचा अर्थ ऐकला, आणि गिदोनाने तिथेच देवाला नमन केलं.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांना आज कोण नावं ठेवतं?

आता माझं सांगतो. तुला घाबरवलं ते मीच. लग्नाचं कसं जमेल, पाळकाच्या पगारात कसं भागेल, लोक काय म्हणतील, हे सगळं माझ्या मनातलं, आणि प्रार्थना कर प्रार्थना कर म्हणत मी ते तुझ्या डोक्यावर ठेवत गेलो. मम्मीने काल मला तोंडावर विचारलं, की पोरगी भितेय की तुम्ही? मला उत्तर देता आलं नाही. माफ कर बेटा.

शुक्रवारी बँकेतून आलीस की फॉर्म उघड आणि मला व्हिडिओ कॉल लाव. मी नुसता समोर बसेन, बोलणार काही नाही. आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं की सांग, पहाटेच्या एसटीने येतो, तुझं होईपर्यंत गेटपाशी थांबेन. मम्मी डबा देणार आहे दोघांचा.

तुझा,
पप्पा