टाकीवरच्या गवयाबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावलं असतं. म्हणून हे जाहीर पत्र.

काचबिंदूने आईची नजर अधू झालीय. गंगापूर रोडच्या आमच्या गॅलरीत बसून ती कानांनीच बाग बघते. गेल्या उन्हाळ्यात ती सारखी सांगायची, "टाकीवर पहाटे गातो तो पक्षी एकच आहे. मध्येच शिंपी पक्ष्यासारखं टोवी-टोवी करतो, मध्येच बुलबुलासारखा बोलतो." ज्याला विचारावं तो आधी फोटो मागायचा. गळ्यात महागडी दुर्बीण अडकवलेल्या एका गृहस्थांनी तर "आजींना भास होत असतील" असं तिच्यादेखत म्हटलं. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात येणाऱ्या पाहुण्या बदकांची नावं ते धडाधड सांगतात, बरं का!

आणि थंडीत ते गाणं बंदच पडलं. "मेला बिचारा," आई म्हणाली.

तुम्ही आलात ते थेट तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलात. "मावशी, तुम्ही ऐकलंत तसं म्हणून दाखवा." तिनं लाजत लाजत शीळ घातली. तुम्ही मध्ये एक शब्द न बोलता पूर्ण ऐकलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. दयाळ आहे तो. नकला करतो दुसऱ्यांच्या."

त्या "बरोबर आहे तुमचं"साठी हे पत्र आहे, काका. पक्ष्याचं नाव पुस्तकातही सापडलं असतं. जाणकार नाशकात पुष्कळ आहेत, समोरच्याला लहान न करता सांगणारे किती?

तो मेला नाही, विणीचा हंगाम संपला की गाणं थांबवतो, झुडपाखाली किडे टिपत इथेच असतो, हेही तुम्ही तिलाच सांगितलंत. संध्याकाळी कर्कश 'चर्र' आलं तर तोच समजा, म्हणालात. तेव्हापासून दिवेलागणीला कुणी टीव्ही लावायची सोय नव्हती!

मार्च लागला आणि टाकीवर पुन्हा मैफल सुरू झाली. काळा-पांढरा नर शेपटी ताठ करून गातो, राखाडी मादी भिंतीतल्या भोकात काड्या नेते. सोसायटी ते भोक बुजवणार होती, आईने अध्यक्षांना असं काही सुनावलं की गवंडी परत गेला.

आता तिला भारद्वाजाबद्दल विचारायचंय. रविवारी मिसळ खायला या. तिखट कितपत झेपतं ते आधी कळवा, असा तिचा निरोप आहे.

आपली,
मावशींची लेक