ठसा जुळत नसेल, तर धान्य नाकारू नका

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर मुंबईत आले, आधारची उभारणी करणाऱ्या नंदन निलेकणी यांना भेटले आणि त्यांनी आधारचे तोंडभरून कौतुक केले. त्याआधी जेमतेम दोन आठवडे त्यांनी स्वतःच्या देशात डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली होती आणि तिकडे २५ लाखांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या होत्या. याच ब्रिटनने २००६ चा ओळखपत्र कायदा २०१० मध्ये मोडीत काढला होता. ती माणसे कशाला घाबरतात, हे मला आमच्या चाळीतल्या मावशींमुळे कळले.

मावशींनी चाळीस वर्षे लोकांकडची धुणीभांडी केली. बोटांवरच्या रेषा पार झिजल्या आहेत. ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळण्यासाठी, मी त्यांना रेशन दुकानात घेऊन गेले. अंगठा ठेवला, जुळला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधले बोट, करता करता दहाही बोटे झाली. दुकानदार म्हणाला, "मावशी, रात्री खोबरेल चोळून झोपा, उद्या या." मागे रांग खोळंबलेली. मावशी ओशाळल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय गं." ते ऐकून मला भरून आले. तीन खेपा घातल्या, तरी त्या महिन्याचे धान्य बुडालेच.

ठसा जुळला नाही तरी धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, असे आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्येच परिपत्रक काढून कळवले आहे. दुकानात ते कुणाच्या गावीही नव्हते.

विरोध आपल्याकडेही झाला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले, म्हणून तर २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. पण २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खाते आणि मोबाइलसाठीची सक्ती गेली, सरकारी लाभांसाठीची राहिली. ज्याला सिमकार्ड हवे तो सुटला, ज्याला तांदूळ हवा तो अडकला. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीतही पती किंवा वडिलांचा आधार मागितला. दोघेही हयात नसलेल्या बायकांची सोय मागाहून, मुदत वाढवताना झाली.

मी आधारच्या विरोधात नाही, माझी कामे त्यावर झाली आहेत. मात्र शिधावाटप अधिकाऱ्यांनी ते परिपत्रक मराठीत प्रत्येक दुकानाबाहेर लावावे. ठसा जुळला नाही तर ओटीपीवर किंवा कार्ड बघून, वहीत नोंद करून, त्याच दिवशी धान्य द्यावे. नाकारायचेच असेल तर सही-शिक्क्यानिशी कारण लिहून द्यावे.

येत्या महिन्यात मावशींना त्याच दुकानात जायचे आहे.

– एक वाचक, काळाचौकी, मुंबई